सुटलेला प्रश्न आणि टळलेला प्रश्न

मोबाईलसमोर मराठीत बोललं की पडद्यावर अक्षरं उमटतात. तेवढ्यावरून ‘बोलणं कसं कळतं, हा प्रश्न आता सुटला’ असं बिनदिक्कत म्हटलं जातं. थोडं वाचलेली मंडळी आणखी पुढे जातात: अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आल्विन लिबरमन यांनी या प्रश्नापायी घातलेली पन्नासएक वर्षं वायाच गेली, हाताशी भरपूर नमुने आणि वेगवान यंत्रं असती, तर त्यांना सिद्धान्त लागलाच नसता. मला हे उथळ वाटतं.

लिबरमन 1944 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत आले. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी छापील मजकूर ऐकवणारं यंत्र तिथे करायचं होतं. अक्षरागणिक एक ठरावीक नाद द्यायचा, माणूस सरावाने शिकेल, अशी कल्पना. ती फसली. वेग वाढवला की नाद एकमेकांत मिसळत. बोलण्यातले सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी मात्र त्याच कानांना सहज पेलत. हे कसं, हा प्रश्न लिबरमन यांना पुढे आयुष्यभर पुरला.

सहकारी फ्रँकलिन कूपर यांच्या ‘पॅटर्न प्लेबॅक’ यंत्रातून रंगवलेल्या आकृतीचा आवाज काढता येई. ‘डी’ आणि ‘डू’ घ्या. दोन्हींत ‘ड’ एकच ऐकू येतो. पण आवाजाच्या आकृतीत ‘डी’च्या सुरुवातीला दुसरा फॉर्मंट (आवाजातल्या ठळक कंप्रतांचा पट्टा) वर चढतो आणि ‘डू’च्या सुरुवातीला खाली उतरतो. तेवढेच तुकडे कापून ऐकवले तर ‘ड’ गायब; उरते एक चढती आणि एक उतरती चिवचिव. ध्वनी माळेतल्या मण्यांसारखे सुटे नसतात, प्रत्येकावर शेजाऱ्याची छाया असते. 1967 च्या निबंधात लिबरमन आणि सहकाऱ्यांनी हे नेटकेपणाने मांडलं. त्यांचं उत्तर असं की, ऐकणारा ध्वनीमागच्या जिभेच्या, ओठांच्या हालचाली ओळखतो.

या उत्तरावर आक्षेप आले. 1975 मध्ये पॅट्रिशिया कूल आणि जेम्स मिलर यांनी दाखवलं की, बोलता न येणारा चिंचिला नावाचा प्राणीही ‘ड’ आणि ‘ट’ यांची सीमा जवळपास माणसासारखीच आखतो. हा घाव खरा होता, मी तो नाकारत नाही.

पण मोबाईलमधल्या यंत्राचा दाखला वेगळा, कारण तो उत्तर खोडत नाही, प्रश्नच गुंडाळून ठेवतो. ही यंत्रं बहुधा माणसाने लिहून दिलेल्या मजकुराशेजारी ठेवलेल्या बोलण्यावर शिकतात. म्हणजे अवघड काम मानवी कानाने आधीच उरकलेलं असतं. लिखित मजकुराशिवाय शिकणारी यंत्रंही आहेत, असं कुणी म्हणेल. आहेत. पण त्यांनी जे पकडलं ते कशावरून पकडलं, हे विचारलं तर हाती आकड्यांचा ढीग येतो. आणि प्रश्न तर मजकुराच्याही आधीचा आहे: पीटर आयमास आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये एक आणि चार महिन्यांची बाळं ‘ब’ आणि ‘प’ वेगळे करतात असं दाखवलं. त्या बाळांना कुणी मजकूर लिहून दिला नव्हता. प्रश्न सुटणं आणि प्रश्न टळणं यांत मी भेद करतो तो इथे. अचूक निकाल आला की प्रश्न टळतो, त्याची गरज उरत नाही. निकाल का आला आणि कुठे येणार नाही, हे सांगता आलं तर तो सुटतो.

याचा एक नमुना: हॅस्किन्स प्रयोगशाळेतल्याच ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी 1964 मध्ये 11 भाषांतली व्यंजनं मोजली. त्यांत मराठी होती. जीभ किंवा ओठ सुटल्यापासून कंठातला कंप सुरू होईपर्यंतचा अवधी हे त्यांचं माप. ‘त’, ‘थ’, ‘द’ त्याने वेगळे झाले. ‘द’ आणि ‘ध’ झाले नाहीत, आणि हे त्यांनी स्वतःच नोंदवलं. आपलं माप कुठे अपुरं पडतं, हे त्यांना मोजमाप केल्यामुळेच सांगता आलं.

मराठी बोलणं ओळखणारी यंत्रं करणाऱ्यांनी चुकांची टक्केवारी जरूर छापावी. तिच्या शेजारी, आपलं यंत्र ‘द’ आणि ‘ध’ कशावरून वेगळे करतं, तेही छापावं.