मुदत संपली, तुम्हाला कळलंही नाही

वर बघा सगळे. मोबाइल दप्तरात.

राज्यपालांना जनता निवडून देते, असं काहींनी पेपरात लिहिलंय. अरे, ते अमेरिकेत! आपले राज्यपाल कलम 155 प्रमाणे राष्ट्रपती नेमतात. ही चूक लाल शाईने दुरुस्त होईल.

माझा राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. 15 जानेवारी 2026 ला आपल्या परभणी महापालिकेचं मतदान झालं. यादीत नाव असून तुम्ही घरी लोळत पडलात आणि वर मलाच सांगता, ‘सर, ही काय मोठी निवडणूक थोडीच होती!’ लाज वाटायला हवी. विधानसभेला शाईच्या बोटाचा फोटो टाकता. नळाला पाणी कितव्या दिवशी येणार, दारापुढची नाली कोण काढणार, हे काय मुंबईत ठरतं? प्रभागातल्या प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण होतं, चार-चार मतं तुमच्या हातात होती. एकही दिलं नाहीत.

ही संधी परभणीला एप्रिल 2017 नंतर थेट आत्ता मिळाली. मुदत मे 2022 मध्येच संपली होती. ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असं राज्यघटनेचं कलम 243-यू सांगतं. पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात अडकला आणि साडेतीन वर्षांहून जास्त काळ 65 नगरसेवकांचं सभागृह रिकामं राहिलं. जिल्हा परिषदेतही मार्च 2022 पासून प्रशासकच होता. जिंतूर असो की गंगाखेड, शाळेचं छत गळतंय हे सभेत उभं राहून विचारणारा सदस्यच नव्हता. प्रशासक कितीही चांगला असो, त्याची बदली होते. मत मागायला त्याला तुमच्या दारात यायचं नसतं. शेवटी मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तेव्हा कुठे चक्र हललं.

मुदत संपली तेव्हा तुम्ही लहान होतात, मान्य. आता नाही. मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं मोजतात. म्हणजे 2031 च्या सुरुवातीला ती पुन्हा संपेल. वहीत लिहून घ्या. त्याआधी निवडणूक जाहीर झाली नाही, तर राज्य निवडणूक आयोगाकडे जाणाऱ्या पहिल्या अर्जावर तुमची सही असली पाहिजे.