वेष आणि वेषधारी

'तो हा देवदत्त' या प्रत्यभिज्ञेच्या बळावर आत्म्याचे स्थैर्य सिद्ध करणारे नैयायिक आणि क्षणोक्षणी उपजणाऱ्या संततीपलीकडे कोणताही स्थिर पदार्थ न मानणारे बौद्ध यांचा जो वाद आपल्या देशात शतकानुशतके चालला, त्यात आफ्रिकेतील निद्रारोगाच्या एकपेशीय परजीवीची साक्ष काढावी, असे मला अलीकडे फार वाटते.

१९१० साली रोनाल्ड रॉस व डेव्हिड थॉमसन यांनी ऱ्होडेशियात बाधा झालेल्या एका रोग्याच्या रक्तातील या ट्रिपॅनोसोमांची लिव्हरपूल येथे रोजच्या रोज मोजदाद केली, तेव्हा त्यांची संख्या वाढते, एकाएकी कोसळते आणि पुन्हा वाढते, असे आढळले. १९७५ साली केंब्रिजच्या जॉर्ज क्रॉस यांनी पेशीच्या आवरणातील शर्करायुक्त प्रथिने वेगळी काढून, निरनिराळ्या वाणांवरील ही प्रथिने परस्परांहून भिन्न असल्याचे दाखविले, तेव्हा त्या चढउतारांचा उलगडा झाला. एका पेशीवर सुमारे एक कोटी रेणू, आणि ते सारे एकाच प्रकारचे. जनुके मात्र हजाराहून अधिक, त्यांतील बहुतेक खंडित, आणि त्या खंडांच्या जुळणीतून पूर्वी कधीच नसलेली आवरणेही निपजतात. प्रतिपिंड एका आवरणाची ओळख पटवून त्याच्या धारकांचा संहार पुरा करीत आणतात, तोच वेगळे आवरण ल्यालेले थोडके जीव शिल्लक राहून फोफावतात.

जीर्ण वस्त्र टाकून नवे नेसणाऱ्या देहीचा गीतेतील दृष्टान्त येथे चटकन सुचतो. पण तो येथे लागू पडत नाही. शत्रू आलेला पाहून कोणतीही पेशी वेष बदलीत नाही. बदल आधीच, यदृच्छेने, एखाद्या पेशीत घडलेला असतो, आणि जुन्या आवरणाच्या पेशी त्या आवरणासह मरतात. वाचते ती संतती. या प्राण्याचे कौतुक मात्र मला करवत नाही, कारण मेंदूत शिरून तो माणसाची झोप, वाणी आणि अखेर प्राणही हरण करतो.

नैयायिक विचारील, की मग ओळख अशक्यच ठरते काय? तसे नाही. गॅम्बियन निद्रारोगाच्या बहुतेक वाणांत 'लिटॅट १.३' नावाचे एक आवरण केव्हा ना केव्हा प्रकट होते, आणि त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड रक्तात शोधणारी चाचणी १९७८ साली तयार होऊन गावोगावच्या तपासणीत असंख्यांना उपकारक ठरली. परंतु कॅमेरूनमधील काही वाणांत त्या आवरणाचे जनुकच आढळले नाही. अशा वाणाची बाधा झालेल्या माणसास हीच चाचणी निरोगीपणाचा दाखला देऊ शकते, आणि रोग तर तोच असतो. तेव्हा रूपाच्या परिचयावर उभारलेली प्रत्यभिज्ञा वस्तूच्या एकत्वाचे प्रमाण म्हणून मी स्वीकारू शकत नाही. देहीविषयी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी तिला रूपाबाहेरचा आधार दाखविला पाहिजे.