खूण आणि गुण
आमच्या लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत कारवानी कुत्रं अंगावरून पारखतात : लांबुळकं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, आखूड केस. पश्मीच्या कानाला झालर. ही पारख पाहिजेच. खुणा जपल्या म्हणून जात टिकते. लाल कंधारी तशीच टिकली.

पण मेंढवाड्यावरचं धनगराचं कुत्रं कुठल्या मापात बसवायचं? रातभर लांडग्याच्या वाटेवर जागतं. धनगर पिलू निवडताना आधी त्याची आई मेंढरांत कशी वागते ते बघतो. बाजारात त्याला भाव नाही. मग त्याची वीण कोण राखणार?

खंडोबाजवळही कुत्रं असतंय. देवानं त्याची जात इचारली नाही. खुणेनं ओळख पटते, लायकी कामानंच. माणसांच्या बाबतीत तरी आपण हे कुठं पाळलं?