अंदाजपंचे मीठ

पुण्याच्या कडेकडेने गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या तळघरात सकाळी सहाला उतरलं, की हे दृश्य हमखास दिसतं. पंपांच्या घरघरीत एक माणूस ५० किलोची गोणी ओढत आणतो, तोंडाची शिवण उसवतो आणि खडे मीठ प्लास्टिकच्या टाकीत ओततो. काठीने ढवळतो. शेजारच्या उंच नळकांड्याच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह ‘सर्व्हिस’वरून ‘बॅकवॉश’वर, मग ‘ब्राइन’वर, मग ‘रिन्स’वर फिरवतो. शेवटी ड्रेनच्या पाइपाखाली बोट धरून जिभेला लावतो. खारट लागलं तर आणखी पाच मिनिटं. नाही लागलं तर व्हॉल्व्ह परत ‘सर्व्हिस’वर. भिंतीला टांगलेल्या वहीत नोंद होते: मीठ १ गोणी.

त्या वहीत गोण्या सापडतात. पाणी किती कठीण होतं, मधल्या काळात किती हजार लिटर गेलं, यातलं काही सापडत नाही. पाणी मृदू करणारा सॉफ्टनर घरातला असो की सोसायटीचा, मिठाच्या उधळपट्टीचं मूळ बहुधा इथेच असतं. यंत्र बिघडलेलं नसतं. त्याला कुणी काही मोजून सांगितलेलंच नसतं.

मीठही स्वस्त. देशातलं तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ एकट्या गुजरातेतून येतं आणि खडे मिठाच्या गोणीसाठी सोसायटीच्या सभेत कुणी भांडल्याचं ऐकिवात नाही. लिफ्टच्या करारावर दोन तास जातात, मीठ ‘किरकोळ खर्च’ या रकान्यात सुखाने नांदतं.

‘मीठ संपलं’ हा शब्दप्रयोगच मुळात फसवा आहे. स्वयंपाकघरात तो चालतो, कारण तिथलं मीठ पोटात जातं. सॉफ्टनरमधलं मीठ संपत नाही, ते फक्त घराबाहेर पडतं. मिठात वजनाने साधारण ६१ टक्के क्लोराइड असतं आणि ते सगळंच्या सगळं गटारात जातं. नळाला येतो तो सोडियमचा थोडा भाग. सॉफ्टनरच्या आत मिठाचं काम एवढंच, की रेझिनच्या दाण्यांना चिकटलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवायचं आणि त्यांच्या जागी सोडियम बसवायचं. हे दाणे मोहरीहून बारीक, पिवळसर, हातात घेतले तर ओल्या रव्यासारखे लागतात. कठीण पाणी त्यांच्यावरून गेलं की दाणे कॅल्शियम धरतात आणि सोडियम सोडतात. दाणे भरले की मिठाच्या पाण्याने त्यांना पुन्हा रिकामं करायचं. हेच ते रीजनरेशन.

ही अदलाबदल प्रथम लक्षात आली ती नळाच्या नव्हे, शेताच्या निमित्ताने. १८५०च्या सुमारास इंग्लंडमध्ये एच. एस. थॉम्पसन आणि जॉन थॉमस वे हे दोघे खत मातीत टिकतं कसं याचा शोध घेत होते. मातीवर अमोनियम सल्फेटचं पाणी ओतलं, तर खालून अमोनियम जवळजवळ निघतच नव्हतं. निघत होतं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. मातीने एक ठेवून घेतलं आणि दुसरं सोडून दिलं होतं. पुढे विसाव्या शतकात रॉबर्ट गान्स यांच्या कृत्रिम झिओलाइटपासून आजच्या पॉलिस्टायरिनच्या रेझिनपर्यंत जे काही आलं, ते याच गुणाचं कारखानी रूप. मातीची आठवण ठेवायला हवी, कारण हे मीठ फिरून तिच्याकडेच येतं.

आता हिशेब. रेझिनला मीठ जितकं जास्त द्यावं तितकी त्याची ताकद वाढते हे खरं, पण ती सरळ प्रमाणात वाढत नाही. २५ लिटर रेझिनचा एक सॉफ्टनर घेऊ. त्याला दर वेळी ६ किलो मीठ दिलं, तर तो साधारण १.७ किलो काठिण्य (कॅल्शियम कार्बोनेट धरून) काढतो. २.४ किलो दिलं, तर १.१५ किलो. अडीचपट मीठ, दीडपट काम. पहिल्या दोन-अडीच किलोंत सुटायला सोपे असतात ते आयन सुटतात. उरलेलं मीठ चिवट आयनांशी झगडत बसतं आणि बहुतेक जसंच्या तसं ड्रेनमधून निघून जातं. रसायनशास्त्राच्या काटेकोर हिशेबाने एक किलो मिठाने जास्तीत जास्त ८५५ ग्रॅम काठिण्य निघू शकतं. भरपूर मिठाच्या सेटिंगवर निघतं ते २८५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तीन गोण्यांतल्या दोन केवळ समाधानासाठी.

मग कारखान्यातून किंवा डीलरकडून येताना यंत्र जास्त मिठावर का लावलेलं असतं? ग्राहक फोन करतो तो नळाला पांढरे डाग पडले म्हणून. मीठ जास्त लागलं म्हणून फोन क्वचितच येतो. विकणाऱ्याने आपली डोकेदुखी ग्राहकाच्या गोणीत घातलेली असते, एवढंच.

घरगुती स्वयंचलित सॉफ्टनरबद्दल एक गैरसमज जगभर सारखाच आहे. टेक्सासमधल्या मराठी कुटुंबाच्या गॅरेजमधली टाकी असो की कोथरूडच्या बंगल्याच्या गच्चीवरची, माणसं समजतात की टाकीत मीठ कमी ठेवलं तर मीठ कमी लागेल. तसं होत नाही. एक लिटर पाणी सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळवतं, मग टाकीत दहा किलो पडलेलं असो की साठ. मीठ किती जाणार हे ठरतं टाकीत पाणी किती मिनिटं भरतं त्यावर. तो आकडा व्हॉल्व्हच्या सेटिंगमध्ये दडलेला असतो आणि त्याच्या वाटेला फारसं कुणी जात नाही. सेटिंग बरोबर असूनही मीठ झपाट्याने उतरत असेल, तर संशयित ठरलेले: तरंगता फ्लोट अडकलाय, कुठे फ्लशची टाकी रात्रंदिवस झिरपतेय आणि मीटर ते पाणी वापर म्हणून धरतोय, किंवा यंत्र मीटरवर चालतच नाही, घड्याळावर चालतंय. घड्याळवाला सॉफ्टनर घरचे दिवाळीला आठ दिवस गावी गेले तरी ठरल्या रात्री इमानेइतबारे मीठ पिऊन घेतो. उलटा प्रकारही घडतो. मिठाचा वर घट्ट थर जमतो, खाली पोकळी राहते, टाकी भरलेली दिसते आणि नळाला कठीणच पाणी येतं. लाटण्याने वरून हलकेच ढोसलं की थर कोसळतो.

यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणखी गोंधळ घालतो. आरओ बसवायला आलेल्या माणसाने तो पेनासारखा मीटर दाखवल्यापासून पाण्याची एकमेव परीक्षा तीच, असं अनेकांचं मत झालं आहे. सॉफ्टनरच्या आधी ७००, नंतर ७१०, म्हणजे यंत्र बंद पडलं, म्हणजे आणखी मीठ टाका! पण सॉफ्टनर क्षार कमी करतच नाही, बदलतो. ४० मिलिग्रॅम कॅल्शियम घेऊन ४६ मिलिग्रॅम सोडियम देतो. त्यामुळे मीटरवरचा आकडा किंचित वाढला तर नवल नाही. काठिण्य मोजायचं ते थेंबांच्या किटने. बाटलीत पाणी घ्यायचं, रंगाची चिमूट टाकायची, पाणी लालसर होतं. मग थेंब थेंब द्रावण टाकत मोजायचं. ज्या थेंबाला ते निळं होईल तो आपला आकडा. पाच मिनिटांचं काम, नववीतल्या मुलालाही जमेल असं.

आकडा हाती आला की पुढचा प्रश्न: पाणी किती मृदू हवं? इथे सगळ्यांचं उत्तर ‘शून्य’ असतं आणि तेच सर्वात महाग पडतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. आंघोळीला, कपड्यांना १००च्या आसपासचं पाणी उत्तम. साबणाचा फेस होतो, गीझरच्या कॉइलवर थर धरायला वर्षं लागतात. शून्याचं पाणी तर उलट अंगावरून साबण निघतच नाही असं वाटायला लावतं. नव्याने सॉफ्टनर बसवलेल्या घरातली आजी ‘कितीही धुतलं तरी बुळबुळीत’ म्हणून कुरकुरते ती याचमुळे, आणि तिची तक्रार रास्त असते.

चार माणसांचं घर, रोज माणशी १३५ लिटर, बोअरचं पाणी ४०० मिलिग्रॅमचं. सगळं पाणी शून्यावर आणायचं आणि सेटिंग भरपूर मिठाचं, तर महिन्याला सुमारे २३ किलो मीठ जातं. नुसतं सेटिंग खाली आणलं, तर १४ किलोच्या आत. थोडं कठीण पाणी बायपासने मिसळून १०० ठेवलं, तर १० किलो. फ्लशला लागणारं माणशी ४५ लिटर पाणी सॉफ्टनरला वळसा घालून नेलं (कमोडला मृदू पाण्याचं कौतुक नसतं), तर ७ किलोच्या आत. कमी मिठावर चालवायचं तर रीजनरेशन जास्त वेळा करावं लागतं आणि प्रत्येक वेळी रेझिनच्या सात ते दहापट पाणी धुण्यात जातं, हा आक्षेप खरा आहे. वरच्या उदाहरणात नुसतं सेटिंग बदललं, तर महिन्याला चारऐवजी सहा वेळा रीजनरेशन करावं लागेल, म्हणजे चारेकशे लिटर पाणी जास्त. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीला ते टोचणारच. पण बायपास आणि फ्लशची वेगळी लाइन झाली की तीनच पुरतात. पाणीही वाचतं, मीठही. अडचण प्लंबिंगची असते. बांधताना एक जादा पाइप टाकायचा, तो बिल्डरने टाकलेला नसतो.

या २३ किलोंतलं क्लोराइड त्या घराच्या महिन्याभराच्या १६ हजार लिटर सांडपाण्यात मिसळलं, की लिटरमागे साडेआठशे मिलिग्रॅमची भर पडते. सोसायटीच्या एसटीपीतले (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातले) जिवाणू मैला खातात. मीठ त्यांना पचत नाही. ते जसं आलं तसं पुढे जातं. ते काढायचं तर आरओ हवा, आणि आरओ पुन्हा दुसऱ्या तोंडाने खारं पाणी सोडतो.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सांता क्लॅरिटा खोरं आहे. तिथली घरं सॉफ्टनर वापरत, त्यांचं सांडपाणी शुद्ध होऊन सांता क्लारा नदीत जाई, आणि नदीच्या खालच्या अंगाला व्हेंचुरा काउंटीत अवोकाडो आणि स्ट्रॉबेरीची शेती. ही दोन्ही पिकं क्लोराइडला नाजूक. पानांच्या कडा करपतात. नियामकांनी नदीसाठी लिटरमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. २००३मध्ये घरात नवे स्वयंचलित सॉफ्टनर बसवायला बंदी आली. ते पुरलं नाही. नोव्हेंबर २००८मध्ये जुनेही काढावेत का, यावर थेट मतदान झालं आणि लोकांनी होकार दिला. २००९पासून बसवलेली यंत्रं काढावी लागली, त्यांची भरपाईही मिळाली. मृदू पाणी हवंच असेल, तर टाकी उचलून बाहेर नेऊन रीजनरेट करणाऱ्यांची सेवा घेण्याची मुभा राहिली. एका घराच्या न्हाणीघरातला फेस आणि पन्नास किलोमीटरवरच्या शेतकऱ्याचं पान, यांचा संबंध मतपत्रिकेवर छापला गेला होता. मिनेसोटातलं प्रदूषण नियंत्रण खातं हेच आणखी सोपं करून सांगतं: एक चमचा मीठ १९ लिटर गोडं पाणी कायमचं बिघडवायला पुरतं.

आपल्याकडे नदीपर्यंत जायचीही गरज पडत नाही. एसटीपीचं पाणी सोसायटीच्याच लॉनला जातं. कडेचं गवत पिवळं पडतं, माळी खत वाढवतो, पाणी वाढवतो. काळ्या मातीवर सोडियमचं पाणी वर्षानुवर्षं पडलं, की तिच्या कणांवरचं कॅल्शियम सुटतं आणि सोडियम बसतं. वे यांनी पाहिलेली तीच अदलाबदल. माती ओली असताना चिकट, वाळली की दगड, पाणी वरच तुंबलेलं. सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला याची ओळख करून द्यावी लागत नाही. उसाला अतोनात पाणी देऊन तिथे क्षारपड आणि चोपण झालेल्या जमिनी त्याने पाहिल्या आहेत. चोपण सुधारायला तो चर काढतो आणि जिप्सम टाकतो, म्हणजे मातीतल्या सोडियमच्या जागी पुन्हा कॅल्शियम बसवतो. तळघरात जे कॅल्शियम काढायला गोण्या ओतल्या, तेच वर बागेत पोत्याने विकत आणायचं! मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरलं तर माती वाचते, पण ते महाग, आणि क्लोराइड तिथल्या तिथेच.

वरून धोरण बदलण्याची वाट पाहण्याजोगं यात फारसं काही नाही, सेटिंग आपल्याच हातात असतं. डिशवॉशरच्या पोटातही एक छोटा सॉफ्टनर असतो आणि काठिण्याचा आकडा बदलायची सोय असते. कित्येक घरांत तो कारखान्याने ठेवला तोच राहतो. त्यात खाण्याचं बारीक मीठ टाकू नये हे मात्र सगळ्यांना पाठ असतं.

तळघरातल्या पाण्याचा आकडाही एका जागी राहत नाही. मे महिन्यात बोअर आणि टँकर, कधी ४००, कधी ५००. जुलैत धरणाचं पाणी वाढतं, टँकर थांबतात, आणि सह्याद्रीतल्या पावसाचं ते पाणी मुळातच मृदू असतं. एखाद्या सोमवारी कुणी हौशी सभासद थेंबांचं किट घेऊन खाली उतरतो. लाल पाणी आठव्याच थेंबाला निळं होतं. एका थेंबाचे २० धरले तर १६०. तो पुन्हा करून बघतो, पुन्हा आठ. पंपवाला मान डोलावतो, जिभेला बोट लावून खात्री करतो आणि वही पुढे सरकवतो. जुलैच्या गोण्यांची ऑर्डर शनिवारीच गेलेली असते, मेइतकीच.