बिनमोल सेवा व दिलेला शब्द

वेतन न घेतां जो मनुष्य सेवा करितो, तो आपल्या शब्दानें कितपत बांधला जातो? जेथें जेथें दहा माणसें मिळून लोकोपयोगी काम चालवितात, तेथें तेथें हा प्रश्न आज ना उद्यां उभा राहतोच. व्यायामशाळेंत तो डोळ्यांनीं दिसतो, म्हणून तेथलाच दाखला घेऊं.

आपला मल्लखांब पाहा. गुळगुळीत लांकडी खांबास एरंडेल तेल लाविलेलें असतें. लहान मूल त्यावर सरसर चढतें व अढी घालून डोकें खालीं सोडतें. जवळ एक वडील गडी हात पुढें करून उभा असतो. मूल घसरलें तर त्यास सांवरावें, एवढेंच त्याचें काम. पुष्कळ ठिकाणीं हा गडी दिवसभर आपला उद्योग करून सायंकाळीं येतो व एक पैसाही घेत नाहीं. आतां तो म्हणेल, “मी कोणाचा चाकर नाहीं, न आलों तर मला कोण विचारणार?” ह्यास उत्तर काय?

उत्तर हें कीं, येईन म्हणावें कीं न म्हणावें, हें त्याच्या खुशीवर होतें. परंतु “मी उभा राहीन” असें त्यानें म्हटल्यावर मुलानें आपलें अंग त्या शब्दावर टाकिलें. सांवरणारा बिनपगारी होता म्हणून मोडलेला हात कमी दुखत नाहीं.

दुसरा दाखला विलायतेचा. लंडन येथील बुशी पार्क नांवाच्या बागेंत सन २००४ च्या आक्टोबर महिन्यांत १३ माणसें ५ किलोमीटर धांवलीं. त्यांतूनच ‘पार्करन’ निघाली, व आज अनेक देशांत दर शनिवारीं ती फी न घेतां होते. वेळ टिपणें, वाट दाखविणें हीं कामें स्वयंसेवक करितात. त्यांतील एकजण मुद्दाम सर्वांच्या मागून चालतो, म्हणजे कितीही दुबळा मनुष्य आला तरी तो शेवटचा ठरत नाहीं. हा मागचा सोबती न आला, तर त्याची उणीव पुढें धांवणाऱ्या बळकटांस नव्हे, त्या दुबळ्यासच भासेल.

तर मग अशा सेवकावर जन्माचें ओझें लादावें काय? मुळींच नाहीं. त्यानें काम सोडावें, पण आधीं सांगून व दुसऱ्याच्या हातीं सोंपवून. सेवा घेणारांनींही ध्यानांत धरावें कीं, ज्यास मजुरी देण्याची ऐपत आहे त्यानें सेवेचें नांव पुढें करून गरिबाची मजुरी बुडवूं नये. आणि ज्याचें हातावर पोट आहे, त्यानें नाहीं म्हटल्यास त्यास बोल लावूं नये.

वाचकहो, तुमच्या गांवच्या शाळेंत खेळांचा दिवस ठरेल तेव्हां पाणी भरण्याचें काम पत्करावें कीं नाहीं, हें तुमच्या मर्जीवर आहे. पत्करल्यावर मात्र घागर वेळेवर मैदानांत पोहोंचली पाहिजे. तहानलेल्या मुलास तुमच्या मर्जीशीं काय करावयाचें?