उघाडी

जूचंद्रला खाडीलगतच्या खारजमिनीत दोन चुलत भावांची भातशेतं शेजारीशेजारी होती. मधे एकच बांध. थोरला म्हणे, धाकट्याने बांध कोरला. धाकटा म्हणे, थोरल्याने. मोजणी झाली, 33 फुटांची साखळी फिरली, हद्दीचे दगड रोवले गेले. मग दगडच हलवल्याचा वाद सुरू झाला.

भाद्रपदात भात पोटरीला आलं आणि पाऊस दडला. दोन्ही शेतांत पातीचे शेंडे करपू लागले. थोरला म्हणाला, "यानेच माझं पाणी तोडलं." धाकटा म्हणाला, "यानेच काहीतरी फवारलं."

त्याच सुमारास पिकांचा नकाशा करायला कृषी शाखेची मुलं ड्रोन घेऊन आली. दोघे भाऊ आधी हजर. बांध कुणीकडे सरकलाय, ते आता वरूनच कळणार होतं!

निरोगी पान अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं, दुखावलेलं पान कमी. डोळ्यांना न दिसणारा हा फरक कॅमेऱ्याने टिपला आणि नकाशात हिरवा, पिवळा, लाल रंग भरला. भाऊ पडद्याला नाक लावून बांध शोधू लागले.

थोरल्याची मुलगी गावातल्या अनेकांसारखी रांगोळीत माणसांचे चेहरे काढणारी. असा चेहरा नीट जमलाय का, हे उठून लांब उभं राहिल्यावरच कळतं. ती चार पावलं मागे सरली. "बाबा, काका, बांध राहू द्या. लाल रंग येतोय कुठून ते बघा."

लाल पट्टा खाडीकडच्या उघाडीपासून, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याच्या सामाईक दारापासून, निघून दोन्ही शेतांत पसरला होता. मधल्या बांधाला त्याने जुमानलंच नव्हतं.

"पीक कुठे दुखतंय ते नकाशा सांगतो," ड्रोनवाला मुलगा म्हणाला, "कशाने, ते जागेवर जाऊनच बघायला हवं."

सगळे उघाडीपाशी गेले. मुलीच्या आजीने ओंजळभर पाणी जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं. "खारं!" उघाडीची फळी कुजली होती, अमावास्येच्या उधाणाचं पाणी आत घुसत होतं. बांधावर दोघांच्याही रोज फेऱ्या होत, उघाडीकडे मात्र कुणी फिरकलं नव्हतं. ती सगळ्यांची होती ना!

दोघांनी मिळून फळी बदलली. पुढच्या पावसाने बरंचसं मीठ धुऊन नेलं आणि वाचलेलं पीक हाती आलं. बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. पण उधाण असलं की दोघे आधी उघाडी बघून येतात.

बोध : सामाईक दार उघडं पडलं, तर आपापली हद्द राखून काही वाचत नाही.