जुना देव कुठे ठेवलात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या पॅरिश कौन्सिलपुढे एक साधासाच विषय आला होता. देवळाच्या आवारातील ग्रोटोमध्ये पवित्र मरियेची नवी मूर्ती बसवायची होती. एका सद्गृहस्थांनी खर्चाची तयारी दर्शविली होती, आणि सोबत एक रंगीत कॅटलॉगही आणला होता. फायबरच्या मूर्ती, तीन फुटांपासून सात फुटांपर्यंत, उन्हापावसात रंग न उडण्याच्या हमीसह! कुणीतरी सुचविले की, गावातल्याच एका सुताराच्या हातात कला आहे, त्याच्याकडून लाकडाची मूर्ती करून घ्यावी. त्यावर पलीकडून उत्तर आले, "फादर, कला कशाला म्हणायचे हे ठरविणारे आपण कोण? लोकांना आवडते ती कला." बैठकीत हशा पिकला आणि विषय पुढे ढकलला गेला. आम्हांला मात्र त्या वाक्याने पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

वाक्य टाकाऊ नाही. टॉलस्टॉयसारख्या थोर लेखकाने 'कला म्हणजे काय?' हा ग्रंथ १८९८ च्या सुमारास प्रसिद्ध केला, त्यात तो याच वाटेने बराच दूर गेला आहे. एका माणसाने अनुभवलेली भावना दुसऱ्याच्या अंतःकरणात संक्रमित होणे, ही त्याची कलेची कसोटी. सौंदर्याची चर्चा त्याने बाजूला सारली. जे साध्या शेतकऱ्याच्या हृदयाला भिडत नाही, ते कितीही नावाजलेले असले तरी त्याच्या लेखी कमअस्सल. या न्यायाने बीथोव्हेनची नववी सिंफनी त्याने वाईट कलेत टाकली, आणि स्वतःच्या प्रचंड साहित्यातून केवळ दोन छोट्या कथा चांगल्या म्हणून राखल्या. स्वतःवर इतका कठोर झालेला परीक्षक आम्हांला दुसरा ठाऊक नाही. त्याच्याशी भांडावे असे वाटते, पण त्याला हसता येत नाही.

आणि धर्मगुरूला तर मुळीच हसता येत नाही. नाकाचा टवका उडालेल्या प्लॅस्टरच्या मरियामातेपुढे गुडघे टेकून रडणाऱ्या माता आम्ही किती पाहिल्या आहेत! ते अश्रू खोटे आहेत असे कोणता कलासमीक्षक म्हणेल? पण आम्ही जितका विचार केला तितके वाटत गेले की, ते अश्रू त्या माउलीने घरूनच आणलेले असतात. आजारी मूल, बेकार मुलगा, दारू पिणारा नवरा, हे सारे ती पदरात बांधून आणते आणि मूर्ती त्याला जागा देते. ही गोष्ट लहान नाही. परंतु हे काम भिंतीवरचे जुने कॅलेंडरही करू शकते, कारण ते काम श्रद्धेचे आहे. मग कलेचे म्हणून वेगळे असे काही उरते की नाही?

या प्रश्नाचा पहिला धडा आम्हांला आमच्याच चुकीने दिला. पुष्कळ वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात नव्याने रुजू झालो असता तेथे बाजूच्या वेदीवर क्रूसावरील ख्रिस्ताची एक जुनी लाकडी मूर्ती होती. कोणी कोरली, केव्हा कोरली, याची नोंद नव्हती. रंग जागोजागी उडालेला, गुडघे आणि पावले पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्पर्शाने काळी पडलेली. सण जवळ आला होता. आम्ही तरुण होतो, उत्साही होतो. रंगारी बोलावून मूर्तीला ऑइलपेंट लावून घेतला. गुलाबी कांती, लालभडक रक्त. मूळच्या कारागिराने डोळे अर्धवट मिटलेले ठेवले होते. रंगाऱ्याने सद्भावनेने पापण्यांवरच पांढरे बुबुळ रंगवून ते उघडे करून दिले! सणाच्या दिवशी सर्वांनी तोंड भरून कौतुक केले. "फादर, देव कसा अगदी नवा दिसतो!" आम्हीही मनातून सुखावलो.

दर शुक्रवारी त्या मूर्तीपाशी येणाऱ्या एक आजी होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, भाजीची पाटी घेऊन बाजाराला जाणाऱ्या. तिसऱ्या शुक्रवारी त्या आमच्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "फादर, जुना देव कुठे ठेवलात?" आम्ही सांगितले, "आजी, हाच तो. फक्त रंग दिला आहे." त्या परत वेदीपाशी गेल्या, मान वर करून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही फादर. तो थकलेला होता. हा थकलेला नाही."

वाचकहो, गुरुविद्यालयात तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांचा विचार आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. कारागिराची कारागीर म्हणून होणारी स्तुती त्याच्या हेतूसाठी नसते, त्याच्या हातून झालेली वस्तू कशी उतरली यासाठी असते. त्या दिवशी तो विचार आम्हांला प्रथम कळला. आमचा हेतू निर्मळ होता, रंगाऱ्याचाही होता, देणगीदाराचा तर होताच. पण मूर्तीतून काहीतरी निघून गेले होते. त्या अनाम कारागिराला ठाऊक होते की, मरणाऱ्या माणसाच्या मानेचे ओझे कसे असते. ते त्याने लाकडात उतरविले होते, आणि आजी दर शुक्रवारी ते पाहत होत्या. म्हणजे त्या तेथे केवळ आपले दुःख ठेवण्यास येत नव्हत्या. आपल्याजवळ नसलेले काही घेऊनही जात होत्या. आमच्या मते कलेचा प्रांत येथे सुरू होतो.

यावर कोणी म्हणेल, मग साध्या माणसाची नजर नेहमीच अचूक, टॉलस्टॉयच खरा! तसेही नाही. गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेल्या आंजेलो द फोन्सेका यांची हकिगत आठवावी. मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयातून ते शांतिनिकेतनात गेले, अवनींद्रनाथ ठाकुरांपाशी शिकले, आणि आपल्या मातीतील ख्रिस्ती चित्रे काढू लागले. त्यांची मरिया सावळी, साडी नेसलेली, अनवाणी. पोर्तुगीज अमदानीतील गोव्याला ती रुचली नाही. निळ्या डोळ्यांच्या युरोपीय मरियेला सरावलेल्या भाविकांना हा अपमान वाटला. फोन्सेका पुण्याला आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले. ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून राखून ठेवलेली नाही, प्रत्येक लोकसमूहाच्या कलेला तिच्या उपासनेत स्थान आहे, हे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेसंबंधीच्या दस्तऐवजात नमूद केले. फोन्सेका १९६७ मध्ये वारले. चार वर्षे आधी का होईना, ते शब्द उमटले एवढेच समाधान.

आम्ही स्वतः विद्यार्थी असताना त्यांच्या एका चित्राची प्रतिकृती पाहून नाक मुरडले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. ही आपली मरियामाता नव्हे, असे वाटले होते. पुढे पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात त्यांची मूळ चित्रे पाहण्याचा योग आला. घाईत होतो, तरी एका मरियेपुढे पाय थबकले. चेहऱ्यावर रडू नाही, हसू नाही. नुसते ऐकणे आहे. 'तुझ्या शब्दाप्रमाणे मला होवो' यावर आम्ही कित्येक प्रवचने दिली असतील, पण होकार देण्यापूर्वी ऐकावे लागते, ही गोष्ट आमच्या एकाही प्रवचनात आली नव्हती. चित्र तेच, माणूसही तोच, मधे वर्षे गेली होती. पहिल्या नजरेचा कौल आम्ही तेव्हापासून फारसा मानीत नाही, मग तो नापसंतीचा असो वा कौतुकाचा. चमकणाऱ्या वस्तूला पहिल्या दिवशी टाळ्या मिळतातच. आमच्या गुलाबी ख्रिस्तालाही मिळाल्या होत्या.

तरीही एक शंका राहतेच. आजींना भावला तो कारागिराचा हात, की चाळीस-पन्नास वर्षांची सवय? फोन्सेकांना नाकारणारी माणसेही सवयीनेच बोलत होती ना? दोन्हीकडे सवय आहे, खरे. फरक आम्हांला एवढाच दिसतो की, त्या माणसांनी चित्रात काय नाही ते सांगितले, आणि आजींनी मूर्तीत काय होते ते सांगितले. आजी आता नाहीत. त्यांच्या मागे आम्ही एका जाणकारास ती मूर्ती दाखविली. नवा रंग काढू गेल्यास खालचा जुना थरही निघून येईल, असे त्यांचे मत पडले. ती तशीच आहे, उघड्या डोळ्यांची.

ग्रोटोचा निर्णय अजून झालेला नाही. कॅटलॉग आमच्या टेबलाच्या खणात आहे. मधल्या काळात आम्ही त्या सुताराला बोलावून विचारले. तो लगेच हो म्हणाला नाही. फणसाचे जुने, मुरलेले लाकूड मिळाले पाहिजे, वर छप्पर घातले पाहिजे, आणि एक वर्ष तरी लागेल, असे त्याने सांगितले. जाताना त्याने उलट आम्हांलाच विचारले, "फादर, माता कोणत्या वेळची करायची? बाळ हातात असतानाची, की मुलगा गेल्यानंतरची?" कॅटलॉगमध्ये हा प्रश्न नव्हता. पुढील बैठकीत आम्ही ग्रोटो वर्षभर रिकामा ठेवण्याची परवानगी मागणार आहोत. देणगीदार नाराज होतील, हे दिसतेच आहे.